तीन हातांची काठी

श्रोतेहो, मोठा चोर कोणाला म्हणावे? घरात शिरून वस्तू नेतो त्याला, की ज्याच्या हाती आपण विश्वासाने आपले माप दिले आणि ज्याने ते वाटेत बदलले त्याला? उत्तराची घाई करू नका. आधी हिंदुरावाची गोष्ट ऐका.

डोंगराच्या कुशीत उंबरदरा नावाची वाडी होती. तेथे सपाट जमीन अशी नव्हतीच. जी होती ती पूर्वजांनी हातांनी केलेली होती. उतारावर त्यांनी दगडांच्या आडव्या भिंती रचल्या, त्यांच्या पाठीशी माती अडवली आणि पायऱ्यांसारखी शेते तयार केली. या भिंतींना वाडीत ताली म्हणत. घरे सहा, पट्ट्या सहा. पट्टी अरुंद असली तरी माती कमरेइतकी खोल होती, आणि भुईमूग, नाचणी, घेवडा जे पेराल ते देत होती.

सहा घरांची सावड होती. एकाच्या पट्टीत सहांचे बैल उतरत, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. पुढे बैल म्हातारे झाले, गायरान आटले, नवी जनावरे पोसणे कठीण झाले. तेव्हा सहा घरे भैरोबाच्या देवळापुढे बसली आणि त्यांनी ठरवले की सावड मोडायची नाही, सहांत मिळून एक ट्रॅक्टर घ्यायचा. प्रश्न उरला तो मापाचा. पट्ट्यांकडे जाणारी पाणंद एकच होती. तिच्या एका अंगाला भैरोबाच्या देवळाची भिंत होती आणि दुसऱ्या अंगाला सत्यभामाबाईंची ताल.

सत्यभामाबाई वाडीत सर्वांत वडील. सगळे त्यांना काकी म्हणत. पूर्वजांची ती ताल ढासळल्यावर त्यांच्या यजमानांनी बारा उन्हाळे राबून ती पुन्हा रचली होती. यजमान दगड बसवत आणि काकी फटींत दगडाच्या बारीक चिपा ठोकत. यजमान गेले, ताल उभी राहिली.

काकींनी आपल्या बेटातला एक मेसाचा बांबू तोडला. पाणंद जिथे सर्वांत अरुंद होती तिथे तो आडवा धरला आणि बरोबर तेवढा कापला. तीन हात भरला. हाताहातावर त्यांनी कोयत्याने खाच पाडली, दोन्ही टोकांना हळदीचा दोरा बांधला, काठी भैरोबापुढे ठेवली आणि मग ती हिंदुरावाच्या हाती दिली.

हिंदुरावाच्याच का? कारण तो शिकलेला होता. श्रावणात देवळात पोथी तो वाचत असे. त्याच्या वाणीवर सहा घरांचा विश्वास होता.

काकी म्हणाल्या, "या काठीच्या आत बसेल तेवढाच आण. आपल्या शेताला शोभेल असा आण, हिंदुराव. लोकांना शोभेल असा नको."

हिंदुरावाने भैरोबाच्या पायरीवर हात ठेवून शब्द दिला, आणि तो शहराच्या वाटेला लागला.

आता हिंदुरावाच्या मनात काय होते ते सांगितले पाहिजे. खाली मैदानावरच्या गावात त्याचा साडू राहत होता, बाजीराव नावाचा. त्याचे रान सपाट आणि विस्तीर्ण होते, आणि ट्रॅक्टर त्याला साजेसा मोठा. मागच्या जत्रेला बाजीराव त्याच ट्रॅक्टरवर बसून आला होता. उंबरदऱ्यात ट्रॅक्टर घेण्याचे चालले आहे हे कळल्यावर तो सर्वांदेखत म्हणाला होता, "तुमच्या पट्ट्यांना ट्रॅक्टर कशाला, साडूभाऊ? एक करडू बांधा. तेच चरेल आणि तेच नांगरेल."

मंडळी हसली होती. हिंदुरावही हसला होता. पण ते हसू त्याच्या पोटात काट्यासारखे मोडून राहिले. देवळात संतांची वाणी वाचणारा हा माणूस एका थट्टेचा काटा काढू शकला नाही.

शहरातला विकणारा सज्जन निघाला. उतार किती, पट्टी केवढी, वळायला जागा किती, हे त्याने नीट विचारले. काठी पाहून त्याला बरे वाटले. द्राक्षबागेतल्या ओळींमधून चालतो तसा एक लहान ट्रॅक्टर त्याने दाखवला आणि काठी आडवी धरली. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे जागा राहिली. "तुमच्या जमिनीसाठीच घडवलेला दिसतो," तो म्हणाला.

हिंदुरावाने त्या ट्रॅक्टरकडे पाहिले. त्याचे तोंड हिंदुरावाच्या कमरेला लागत होते. त्याला करडू आठवले.

आवाराच्या कोपऱ्यात दुसरा एक ट्रॅक्टर उभा होता. जुना होता, पण नव्याने लाल रंगवला होता, आणि त्याची मागची चाके माणसाच्या खांद्याला येत होती. जुना असल्यामुळे तो त्याच पैशांत मिळत होता. हिंदुराव त्याच्यावर चढून बसला. वरून त्याला भिंतीपलीकडचा रस्ता दिसला, रस्त्यावरची माणसे दिसली, आणि त्या माणसांनी मान वर करून आपल्याकडे पाहिल्याचा भास झाला. विकणाऱ्याने दोनदा सांगितले की हा मैदानातला आहे, तुमच्या पाणंदीत शिरणार नाही, पट्टीच्या टोकाला वळणार नाही आणि याच्या वजनाने माती दबेल. हिंदुराव म्हणाला, "वाट आम्ही करून घेऊ."

वाट करून घेऊ! बारा उन्हाळे जी रचली गेली तिच्याविषयी हा माणूस बसल्या जागेवरून असे बोलला.

येथवर तो केवळ मूर्ख होता. मूर्खपणाला देव क्षमा करतो. पुढे त्याने जे केले ते मूर्खपणात बसत नाही.

तेथून तो बुरूडआळीत गेला. सखाहरी बुरूड पाट्या विणत बसला होता. हिंदुरावाने त्याच्याकडे मेसाचाच, पण साडेचार हातांचा बांबू मागितला.

"शिडीला पाहिजे की मांडवाला, मालक?" सखाहरीने विचारले.

"मापाला."

सखाहरी हसला. "माप सांगून घेत नाहीत, मालक. मोजून घेतात."

हिंदुरावाने पैसे देऊन बांबू घेतला. तो दुकानाच्या आडोशाला बसला. जुन्या काठीचा हळदीचा दोरा त्याने नखाने सोडवला आणि नव्या काठीला बांधला. खाचाही तेवढ्याच पाडल्या, फक्त दूर दूर. जुनी काठी त्याने तिथेच भिंतीला टेकवली आणि निघाला. ज्या बोटांनी तो पोथीचे पान उलटत असे, त्याच बोटांनी त्याने देवापुढचा दोरा सोडला होता.

वाडीत लाल ट्रॅक्टर पाहून आधी सर्वांचे डोळे दिपले. मग तो पाणंदीच्या तोंडाशी आला आणि थांबला. एक चाक देवळाच्या भिंतीला लागत होते, दुसरे तालीला. सहा घरांपैकी एक आकाराम नाना. बोलायला तिखट गृहस्थ. ते ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून म्हणाले, "झकास आणलास, हिंदुराव. आता डोंगर तेवढा पलीकडं सरकवून घे."

हशा पिकला. हिंदुराव शांतपणे खाली उतरला. त्याने काठी ट्रॅक्टरला आडवी लावली. ट्रॅक्टर काठीच्या आत बसला. मग त्याने ती पाणंदीत आडवी धरली. काठी बसली नाही, तिचे एक टोक तालीवर चढले.

हिंदुराव म्हणाला, "काठी तुमच्यासमोर आहे, ट्रॅक्टर तुमच्यासमोर आहे. दोघांचं जमतंय. जमत नाही ते तालीचं. जुनी ताल आहे, पोटातून फुगली आहे."

दगडी ताली कधी कधी फुगतात, हे खरे आहे. म्हणूनच हे खोटे पचण्यासारखे होते.

काकी पुढे आल्या. "आठ दिवसांत दीड हात फुगते होय रे ताल?" असे म्हणून त्यांनी कोपर टेकवून काठी मोजायला हात पुढे केला.

हिंदुराव मागे सरला नाही. त्याने काठी उलट त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाला, "मोज, काकी. दोरा तूच बांधलास, भैरोबापुढं तूच ठेवलीस. आता देवाचं माप खोटं वाटत असेल तर मोज."

उंबरदऱ्यात एक रीत होती. जी वस्तू भैरोबापुढे ठेवून घेतली तिची परीक्षा पुन्हा कोणी करत नसे. धान्याचे माप असो, बांधाचा दगड असो, देवाने एकदा पाहिले म्हणजे माणसाने परत पाहायचे नाही. ही रीत चांगल्या मनाच्या लोकांनी घातली होती. लबाड माणूस तिच्या आड लपेल हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. काकींचा हात दोऱ्यापाशी थांबला. सगळी वाडी पाहत होती. कोणीतरी म्हणाले की म्हाताऱ्या माणसाची नजर चुकते. दुसऱ्याने सुचवले की काकींना आपली ताल मोडू द्यायची नसेल.

काकींनी हात मागे घेतला. त्या एवढेच म्हणाल्या, "दोरा देवाचा आहे. मी बोलत नाही."

श्रोतेहो, येथे राग येत नसेल तर गोष्ट ऐकणे सोडून द्या. एका सत्यवादी बाईला तिच्याच श्रद्धेने मुके केले गेले. हिंदुरावाला ते दिसत होते. त्या क्षणी तोंड उघडले असते तर एका दिवसाच्या फजितीवर सारे मिटले असते. एक फजिती! ती सोसायची त्याची तयारी नव्हती. त्याने काठी देवळाच्या कोपऱ्यात उभी केली.

ताल पाडली. बारा उन्हाळ्यांचे काम पाडायला दोन दिवस लागले. वरचा दगड वरून उतरवून बाजूला टाकला, जमिनीतला पाया तेवढा राहिला. काकी उभ्या राहून पाहत होत्या. एक चिप घरंगळत त्यांच्या पायाशी आली, ती त्यांनी उचलून पदरात बांधली आणि त्या घरी गेल्या.

ट्रॅक्टर पट्टीत शिरला, पण टोकाला वळेना. मग हिंदुरावाने दोन पट्ट्यांमधली ताल काढायला लावली. दोन पट्ट्या झाल्यावर चार. एकदा खोटे बोललेल्या माणसाला थांबायचे कुठे हे कळत नाही. पाऊस यायच्या आत सहा पट्ट्यांचा एक उतरता तुकडा झाला आणि त्याच्यावर लाल ट्रॅक्टर वरखाली धावू लागला. वरची माती भुसभुशीत दिसत होती. खाली चाकांच्या वजनाने ती खळ्यासारखी टणक होत होती, ते कोणाला दिसत नव्हते.

बाजीराव मुद्दाम पाहायला आला. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आता कुठं शेत दिसायला लागलं, साडूभाऊ."

हिंदुरावाला हवे होते ते मिळाले. या एका वाक्यासाठी त्याने सहा घरांचा घास पणाला लावला होता.

हस्त नक्षत्रात पाऊस लागला. भुईमूग काढणीला आला होता. पहिल्या दिवशी पाणी वरच्या मातीत मुरले. दुसऱ्या दिवशी खालच्या टणक थरावर ते अडले. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, सारी वाडी अंगणात उभी असताना, वरचा थर भुईमुगाच्या वेलांसकट सरकला. अडवायला एकही ताल नव्हती. माती पाणंदीने खाली उतरली, देवळाच्या पायऱ्या झाकत ओढ्यात गेली. पाऊस ओसरला तेव्हा सहा पट्ट्यांच्या जागी काळा खडक उघडा पडला होता. पूर्वजांनी ताली घातल्या तेव्हा तो तसाच असणार.

कोणी रडले नाही. आकाराम नानांना थट्टा सुचली नाही. ते खडकावर बसले आणि त्यांनी तळहाताने तो चाचपून पाहिला.

गेलेल्या मातीतली बरीचशी ओढ्याच्या वळणावर अडकली होती. ती वाहून वर आणायची म्हणजे पाट्या हव्या होत्या, आणि वाडीत तेवढ्या नव्हत्या. नानांनी शहरात निरोप धाडला. चार दिवसांनी सखाहरी बुरूड पाट्या घेऊन वाडीत आला. पाट्यांच्या उतरंडी त्याने एका बांबूच्या दोन टोकांना अडकवून कावडीसारख्या खांद्यावर घेतल्या होत्या.

देवळापुढे त्याने ओझे उतरवले. हिंदुरावाला पाहून त्याला ओळख पटली. "काय मालक, तुमची काठी तुमच्याच गावात परत आली बघा. दुकानात विसरून गेलात. हलकी आहे, खांद्याला चांगली बसते." मग देवळाच्या कोपऱ्याकडे नजर जाऊन तो सहज म्हणाला, "आणि ती माझ्याकडची साडेचार हाती. देवळात ठेवलीत होय?"

त्या भल्या माणसाला आपण काय बोललो हे ठाऊक नव्हते. वाडीला मात्र कळले.

काकी उठल्या. त्यांनी सखाहरीकडून ती काठी मागून घेतली. हाताहातावरच्या खाचा त्यांनी बोटांनी चाचपल्या. ताल उभी नव्हती, पण तिचा पाया जमिनीत होता. काकींनी पायाच्या दगडावरची माती पदराने झाडली आणि त्या दगडापासून देवळाच्या भिंतीपर्यंत काठी आडवी ठेवली. ती दोन्हीकडे टेकली. बोटभरही कमी नाही, बोटभरही जास्त नाही.

"माझी ताल फुगली नव्हती, हिंदुराव," काकी म्हणाल्या.

हिंदुराव म्हणाला, "चुकलं, काकी."

"चुकतं ते मोजताना. तू मोजलंसच नाहीस. तू माप बदललंस, आणि मला देवाच्या दोऱ्यानं बांधून गप्प बसवलंस."

पाच घरांचा संताप अनावर झाला. याला आजच्या आज वाडीबाहेर काढा, असे एकमुखाने ठरत होते. काकींनी हात वर केला.

"हा निघून गेला तर माती कोण वाहील?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच न्याय सांगितला आणि पाच घरांनी तो मान्य केला. आधी हिंदुरावाने सर्व ताली आपल्या हातांनी पुन्हा रचायच्या. मग ओढ्याच्या वळणावरची माती, त्याच तीन हातांच्या काठीची कावड करून, दोन टोकांना दोन पाट्या बांधून, खांद्यावरून वर आणायची. आधी काकींची पट्टी भरायची, मग बाकीच्या चार, आणि शेवटी स्वतःची. लाल ट्रॅक्टर ज्याचा त्याला परत करून त्याच्या बदल्यात लहान आणायचा, आणि तो आणायला काकींनी व नानांनी जायचे. श्रावणात हिंदुरावाने पोथीला हात लावायचा नाही.

तो दंड त्याने भोगला. बाजीराव एकदाच आला, कावड घेऊन चढणारा साडू त्याने लांबून पाहिला आणि तसाच परत गेला. ताली रचताना हिंदुरावाची नखे गेली. पहिल्या तालीच्या शेवटच्या फटीत काकींनी पदरातली चिप स्वतः ठोकली. आणखी चार हात लागले असते तर काम लवकर उरकले असते, तरी मातीला दुसऱ्या कोणी हात लावला नाही. लहान ट्रॅक्टर आला, पाणंदीतून दोन्हीकडे दोन-दोन बोटे राखून गेला, पट्टीच्या टोकाला सहज वळला. त्याला वाट देण्यासाठी हिंदुराव कावड घेऊन पाणंदीच्या तोंडाशी बाजूला उभा राहत असे. पोथी आता नानांची नात वाची. पोथी चालू असे तेव्हा तो पायरीखाली, चपलांच्या शेजारी बसून ऐकत असे. पुढे सरक, असे त्याला कोणी म्हटले नाही.

नऊ वर्षे त्याने माती वाहिली. उजवा खांदा कायमचा खाली झुकला. काकी गेल्या तेव्हा त्यांच्या पट्टीत पुन्हा भुईमूग उभा होता. एकेक करून पाच पट्ट्या कमरेइतक्या भरल्या. मग सहावीची पाळी आली. हिंदुराव रिकाम्या पाट्या घेऊन ओढ्याच्या वळणावर उतरला, आणि तिथे माती उरली नव्हती. धुतलेली वाळू होती आणि गोटे होते. त्याने खोऱ्याने जागा उकरून पाहिली, मग हातांनी. शेवटी तो तीच काठी खांद्यावर टाकून, दोन्ही पाट्या रिकाम्या, वर चढून आला. त्याची पट्टी आजही काळा खडक आहे. सहा घरांच्या सावडीत ट्रॅक्टर दर वर्षी पाच पट्ट्या नांगरतो, आणि सहावीच्या तालीपाशी येऊन मागे वळतो.

तात्पर्य: साधन आपल्या जमिनीच्या मापाने निवडावे, आपल्या दिमाखाच्या मापाने नाही, आणि विश्वासाने हाती दिलेले माप जो बदलतो, तो घरफोड्याहून मोठा चोर होय, कारण तो सर्वांना लुटतो आणि अखेर स्वतःच्या पायाखाली मूठभर मातीही उरू देत नाही.